पलंगावरचा बीम

परक्याच्या घरात पाऊल टाकल्यावर माणसानं आधी घरातल्या मोठ्या माणसाला नमस्कार करावा, की भिंतीला? बोंगछीबाईंचं म्हणणं एवढंच होतं. येन इंजिनिअर दारात आला. त्यानं बूट काढले (ते मात्र जोडीनं, नीट कडेला ठेवले, हे त्यांनी मान्य केलं), आणि चहाचा पेला पुढे करून उभ्या असलेल्या बोंगछीबाईंना वळसा घालून तो थेट जिना चढून गेला. वर पाडलेल्या भिंतीचा खुंट तेवढा उरला होता. त्याच्यावर त्यानं हात ठेवला, कान लावला, छोट्या हातोडीनं टकटक केलं. डॉक्टरही एवढ्या मायेनं कुणाची छाती तपासत नसेल. आणि मग त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा:

"कुणी पाडली?"

स्वर असा, की भिंतीचा खून झालाय आणि खुनी चहाचा पेला घेऊन मागे उभा आहे.

"पाडली नाही, काढली," बोंगछीबाई म्हणाल्या. "आणि चहा निवतोय."

"आजी, चहा नंतर. ह्या खोलीत कुणी झोपतं का?"

एक तर 'आजी'. बोंगछीबाईंचं वय लपण्यासारखं नव्हतं, पण ते कुणी असं तोंडावर फेकायचं नसतं. ताइनानच्या त्या गल्लीत भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना 'ताई' किंवा फार तर 'मावशी' म्हणत. आईबापांनी त्यांचं नाव ठेवलं होतं बोंगछी, म्हणजे 'झाली आहे तर वाढवा कशीतरी'. अशा नावाच्या पोरीनं चार बुकं न शिकता मासळीबाजारात गाळा चालवला, नवऱ्याच्या मागं घर सांभाळलं, मुलगा शिकवला. आणि आता हा कालचा पोरगा येऊन तिला विचारणार, कुणी पाडली!

भिंत पाडायचं कारण अगदी साधं होतं. बोंगछीबाईंच्या मुलाची, यूशेंगची, तैपेईहून ताइनानला बदली झाली आणि तो बायकोला घेऊन घरी राहायला आला. सून पेइशान तैपेईत लिफ्टच्या इमारतीत वाढलेली. पोरगी वळणाची होती, पण आल्या आल्या म्हणाली, "आई, थोडे दिवस राहून बघू. जमलं तर इथेच, नाहीतर जवळपास एखादा फ्लॅट घेऊ."

राहून बघू! घर म्हणजे काय चपला आहेत, पायात घालून बघायला? पण बोंगछीबाई नुसत्या हसल्या. पोरं फ्लॅटमध्ये गेली की रविवारी फळं घेऊन भेटायला येतात, पाहुण्यासारखी बसतात आणि जातात. गल्लीत अशा चार आया त्यांनी पाहिल्या होत्या. आपण पाचवी व्हायचं नाही, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

आठवड्यात सुनेचं डोकं दुखायला लागलं.

शेजारच्या गुइमेईनं निदान केलं. गुइमेईला कधी काही विचारावं लागत नसे, ती आपण होऊन सांगत असे. वर पोरांच्या खोलीत आली, छताकडे बघितलं आणि छातीवर हात ठेवला. "अगं बोंगछी, पलंगावरून बीम गेलाय! डोक्यावर बीम असला की दाबतो माणसाला. डोकं दुखेल नाहीतर काय? माझ्या नणंदेचा नवरा असाच बीमखाली झोपायचा. टक्कल पडलं."

आता बीम झोपलेल्या माणसाला दाबतो, हे ताइनानमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बोंगछीबाईंना राग एवढाच आला की हे आपल्या आधी गुइमेईला दिसलं.

आधी त्यांनी फॉल्स सीलिंग करून घेतलं. बीम दिसेनासा झाला, पण छत एवढं खाली आलं की यूशेंग गंजी काढताना त्याची मूठ वर आपटायची. "आई, राग मानू नका," पेइशान म्हणाली, "पण डब्यात राहिल्यासारखं वाटतं." सीलिंग काढलं. मग पलंग फिरवला, तर पाय दाराकडे आले. तसं घरातून माणसाला एकदाच नेतात, आणि तेव्हा तो चालत जात नाही. पुन्हा फिरवला, तर उशाशी संडासाची भिंत आली. तिरका ठेवला, तर कपाटाचं दार उघडेना, आणि यूशेंग तीन दिवस एकाच पँटमध्ये ऑफिसला गेला. शेवटी बोंगछीबाईंनी खोलीच्या मधोमध उभं राहून चारी बाजूंना नजर फिरवली आणि न्यायाधीशासारखा निकाल दिला: पलंगाचा दोष नाही, भिंतीचा आहे. ही मधली भिंत गेली की पलंग पलीकडे सरकेल आणि बीम बसेल एकटा.

आ-बाओ नावाचा कंत्राटदार गल्लीच्या तोंडाशीच राहायचा. त्यानं भिंतीवर एक चापट मारली.

"ही? ताई, ही तर विटांची आहे. जेवून सुरू करतो, चहाला मोकळा."

"आणि बीमला काही व्हायचं नाही ना?"

"ताई, बीमचं काम बीम करतो, भिंतीचं काम भिंत करते. शंभर टक्के."

बोंगछीबाईंना हे फार पटलं. एक तर माणूस 'ताई' म्हणाला. दुसरं, घराघरात प्रत्येकानं असं आपापलं काम केलं असतं तर अजून काय हवं होतं!

भिंत गेली. पलंग सरकला. पेइशानचं डोकं दुखायचं थांबलं आणि बोंगछीबाईंनी गल्ली राखणाऱ्या भूमीबाबाला संत्री वाहिली. ती संत्री सुकायच्या आत वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचं दार लागेनासं झालं. नेट लावून लावलं, तर उघडेनासं झालं, आणि आत यूशेंग होता. दार तोडून त्याला बाहेर काढेपर्यंत तो साबणासकट वाळून गेला होता. मग गुइमेईच्या स्वयंपाकघरातली एक टाइल भिंतीवरून सुटली आणि थेट तिच्या सूपच्या पातेल्यात पडली. दोन घरांमधली भिंत एकच होती.

"थोडं बसतं हो घर," आ-बाओ म्हणाला. "वय झालं की माणूसही बसतोच की, ताई."

"मी कुठे बसलेय?" बोंगछीबाई उभ्यानंच कडाडल्या. त्यानंतर आ-बाओचा फोन लागला नाही.

गुइमेईनं नगरपालिकेत तक्रार केली. जिच्या सल्ल्यानं सगळं सुरू झालं तीच! "मी बीम दाबतो म्हटलं होतं," गुइमेईनं कुंपणावरून ऐकवलं, "भिंत पाड कुठे म्हटलं होतं?" दोघींचं बोलणं बंद झालं, म्हणजे आता त्या एकमेकींना ऐकू जाईल अशा आवाजात आपापल्या मांजरांशी बोलायला लागल्या.

नगरपालिकेत एक चष्मेवाला कारकून होता. त्यानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं घर दोन मजली आहे."

"तीन मजली आहे. तिसऱ्यावर माझं देवघर आहे."

"आमच्याकडे तिसरा मजला नाही."

"मग रोज सकाळी मी उदबत्ती कुठे लावते? हवेत?"

कारकुनानं चष्मा पुसला. तिसरा मजला सासऱ्यांनी मागाहून चढवला होता, गल्लीतल्या सगळ्यांनीच तसा चढवला होता, आणि हे सगळ्यांना ठाऊक असून कुणी बोलायचं नसतं. कारकूनही बोलला नाही. तिसऱ्या मजल्याचं पुढे बघू म्हणाला. पण पाडलेल्या भिंतीचं काय ते स्ट्रक्चरल इंजिनिअरनं येऊन बघायला हवं, त्याचा सही-शिक्का हवा, तोवर एक खिळाही हलवायचा नाही. म्हणून तो येन इंजिनिअर आला. आणि त्यानं तो नमस्काराचा प्रकार केला.

खोलीत कुणी झोपतं का, ह्याचं उत्तर 'मुलगा आणि सून' असं मिळाल्यावर त्याचा चेहरा आणखी उतरला.

"आजी, तुमच्या घरात खांब नावालाच आहेत. ह्या जुन्या घरांत भिंतीच भार घेतात. हा बीम त्या भिंतीवर टेकलेला होता. आता तो अधांतरी आहे, आणि त्याच्यावर तिसरा मजला आहे."

"तिसरा मजला नाहीच आहे. नगरपालिकेत विचार," बोंगछीबाई म्हणाल्या.

तो हसला नाही. बोंगछीबाईंनी हे मनात लिहून ठेवलं. त्याच दिवशी त्यानं माणसं बोलावून खालून वरपर्यंत लोखंडी टेकू लावले. स्वयंपाकघरात टेकू, जिन्याशी टेकू, पलंगाच्या चारी बाजूंना टेकू. पेइशान म्हणाली उसाच्या फडात झोपल्यासारखं वाटतं. बोंगछीबाईंनी त्या टेकूंवर टॉवेल वाळत घातले, कारण वस्तू घरात आली की तिनं काहीतरी काम करावं. इंजिनिअरनं येऊन टॉवेल काढले. त्यांनी पुन्हा घातले.

खरं काम वेगळंच होतं. जुन्या बीमखाली नवा लोखंडी बीम, दोन्ही कडांना लोखंडी खांब, आणि ते सगळं भिंतीत आणि जमिनीत ड्रिल करून पक्कं बसवायचं. दिवस ठरला, सामान गल्लीत येऊन पडलं. आणि नेमक्या त्या सकाळी पेइशाननं माशाच्या पेजेचा वाडगा समोर आल्याबरोबर तोंडावर हात दाबला आणि ती पळाली.

बोंगछीबाईंनी मासळीबाजारात जन्म काढला होता. मासा ताजा आहे हे त्यांना कळत होतं. म्हणजे दोष माशात नव्हता.

त्या आनंदानं उठल्या, आणि उठता उठताच पुन्हा खाली बसल्या. पोटुशी बाई घरात असली की गर्भदेव घरभर हिंडत असतो. आज दाराशी, उद्या चुलीशी, परवा पलंगाशी. खिळा ठोकला, पलंग हलवला, भिंतीला भोक पाडलं आणि नेमकं त्यालाच लागलं, तर पोटातल्या बाळाला लागतं. पुढचा विचार त्यांनी केलाच नाही. इंजिनिअर माणसं आणि ड्रिल मशीन घेऊन दारात आला, तेव्हा बोंगछीबाई उंबऱ्यात झाडू आडवा धरून उभ्या होत्या.

"आज काम नाही."

"मग उद्या?"

"बाळंतपण झाल्यावर."

इंजिनिअरनं झाडूकडे बघितलं, वर जिन्याकडे बघितलं, आणि त्याला कळलं. तोही इथलाच होता. "अभिनंदन, आजी," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण हे टेकू तात्पुरते आहेत."

"आपण सगळेच तात्पुरते आहोत."

"मोठा धक्का आला तर घर थांबेल असं मी सांगू शकत नाही."

"मग काय सांगू शकतोस? पडेल?"

"तेही नक्की सांगता येत नाही."

"मग इंजिनिअर कशाला झालास, पुजारी व्हायचं होतंस!" बोंगछीबाई म्हणाल्या. पण झाडू त्यांनी खाली घेतला. काम केलं तर बाळाला धोका, न केलं तर बाळाला धोका. आणि हे सगळं त्यांनी केलं होतं ते बाळानं ह्याच घरात यावं म्हणून.

त्या तडक गल्लीच्या टोकाच्या भूमीबाबाच्या देवळात गेल्या आणि कौल लावला. लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकल्या. दोन्ही सपाट बाजू वर करून पडल्या. म्हणजे देव हसला, उत्तर दिलं नाही. पुन्हा टाकल्या. पुन्हा हसला. तिसऱ्यांदाही हसला. "हसायला काय झालं?" असं त्यांनी मूर्तीला विचारलं सुद्धा. घरी आल्या तर इंजिनिअर अजून पायरीवर बसलेला.

"प्रश्न काय विचारलात, आजी?"

"काम थांबवू की करू, असं विचारलं."

"हे दोन प्रश्न झाले. देव हो किंवा नाही म्हणणार, थांबव किंवा कर कसं म्हणेल? एका वेळी एकच विचारा."

आता हा पोरगा त्यांना देवाशी बोलायला शिकवणार! बोंगछीबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याची माणसं दोन पावलं मागे सरली. पण त्या परत गेल्या. काम करू? देव हो म्हणाला. सून घरात असताना करू? नाही. ती घराबाहेर गेल्यावर करू? हो. बाहेर म्हणजे कुठे, हे विचारायची गरज नव्हती. सून माहेरीच जाणार. माहेर तैपेईत. आणि तिथे विहीणबाई.

विहीणबाई म्हणजे लिफ्टच्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहणारी, फळं साल काढून आणि दातकोरणी खुपसून देणारी, प्रत्येक वाक्य 'मी आपलं सहज म्हणते' असं सुरू करणारी बाई. लग्न झाल्यापासून तिचं एकच म्हणणं होतं, पोरीचं बाळंतपण तैपेईत व्हावं, तिथे दवाखाने चांगले, घरं चांगली. तिला आपण होऊन फोन करायचा म्हणजे किल्ल्याची दारं आतून उघडायची. पेइशान एकदा गेली की परत येणार नाही. आधी बाळंतपण, मग महिनाभराची विश्रांती, मग बाळ लहान आहे, मग फ्लॅट. बोंगछीबाईंना सगळा रस्ता दिसत होता.

त्यांनी फोन उचलला, ठेवला, मासे कापायची सुरी धुतली, धुतलेली पुन्हा धुतली आणि फोन केला.

"विहीणबाई, पोरीला महिनाभर तुमच्याकडे पाठवते."

"मी आपलं सहज म्हणते," पलीकडून आवाज आला, "मी तर पहिल्यापासून म्हणत होते."

"हो, म्हणत होतात," बोंगछीबाई म्हणाल्या. एवढे शब्द बोलताना त्यांना जेवढा घाम आला तेवढा मासळीबाजारात बर्फाच्या पेट्या उचलतानाही आला नव्हता.

पेइशान गेली. बोंगछीबाईंनी झाडूनं खोलीचा कोपरा न् कोपरा झाडून गर्भदेवाला 'जरा बाजूला व्हा बाबा' म्हटलं, तो सुनेबरोबर तैपेईला गेलेला असणार हे ठाऊक असूनही. मग ड्रिल सुरू झालं. प्रत्येक बोल्ट आवळताना त्या शेजारी उभ्या होत्या. "हा ढिला आहे," त्या म्हणत. इंजिनिअर तपासे. बोल्ट घट्ट असे. "आता घट्ट झाला," त्या म्हणत. शेवटी नवा बीम वर चढला. तांबडा, जुन्याहून दांडगा, आणि जुन्याला खालून चिकटून.

"म्हणजे एक बीम नको म्हणून एवढं केलं," बोंगछीबाई सावकाश म्हणाल्या, "आणि आता दोन झाले."

"हो," इंजिनिअर म्हणाला. एवढंच.

काम संपल्यावर विहीणबाई पेइशानला घेऊन स्वतः आल्या. घर बघायचं, इंजिनिअरला विचारायचं आणि मगच पोरीला ठेवायचं की परत न्यायचं ते ठरवायचं, असं त्यांनी आधीच फोनवर सांगितलं होतं. बोंगछीबाईंनी पेरू कापले, चहा केला, वरच्याच खोलीत टेबल मांडून इंजिनिअरला मधल्या खुर्चीत बसवलं. विहीणबाईंनी तांबडा बीम बघितला आणि नाकाला रुमाल लावला.

"मी आपलं सहज म्हणते. माझी पोरगी पोटुशी, आणि ती दोन दोन बीमांच्या खोलीत झोपणार?"

"ती माझ्या खालच्या खोलीत झोपेल," बोंगछीबाई म्हणाल्या. त्या खोलीत त्या लग्न होऊन आल्यापासून झोपत होत्या, आणि हे वाक्य तोंडातून निघेपर्यंत ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. "तिथे डोक्यावर काही नाही. इथे मी झोपते. बीम मला दाबतो की मी बीमला, बघूच."

पेइशाननं चमकून सासूकडे बघितलं. विहीणबाई काही बोलणार, एवढ्यात पेल्यातला चहा थरथरला.

धक्का तसा किरकोळ होता, ताइनानमध्ये असे कितीतरी येतात. दिवा झुलला, खाली कपाटातल्या बश्या वाजल्या, शेजारून गुइमेईची किंकाळी आली. विहीणबाई टेबलाखाली होत्या. यूशेंगनं बायकोला मिठी मारली होती. इंजिनिअर मात्र उठलाही नाही. पेरूची फोड हातात धरून तो वर बीमकडे बघत होता, शाळेच्या स्टेजवर पोरगी पहिल्यांदा गाणं म्हणत असताना आई बघते तसा. धक्का थांबला. एक चीरही पडली नव्हती. त्यानं पेरू खाल्ला.

विहीणबाई टेबलाखालून बाहेर आल्या, केस नीट केले. "बरं. म्हणजे आता घर शंभर टक्के सुरक्षित आहे, असं सांगा. मग मी पोरीला ठेवून जाते."

बोंगछीबाईंनी पेरूची ताटली उचलून त्याच्यापुढे धरली. एक शब्द. पोरा, एकच शब्द बोल.

इंजिनिअरनं तोंड पुसलं. "तसं सांगता येत नाही," तो म्हणाला. "शंभर टक्के कुठलंच घर नसतं. तुमची तैपेईची इमारतही नसते. जेवढं करता येतं तेवढं इथे केलंय. पाया मी उघडून बघितला नाही, आणि तिसरा मजला उतरवला तर मला आणखी बरं वाटेल."

बोंगछीबाईंना वाटलं, हातातली पेरूची ताटली ह्याच्या डोक्यावर फोडावी. विहीणबाईंनी पर्स उचलली. "ऐकलंस? चल, पेइशान."

पेइशान हलली नाही.

"आई," ती विहीणबाईंना म्हणाली, "शंभर टक्के म्हणणारा एकजण होता. भिंत त्यानंच पाडली. हे नाही म्हणतायत, म्हणून मी राहते." मग सासूकडे वळून, जरा लाजून म्हणाली, "राहून बघू म्हणाले होते, आई. बघून झालं. माझे कपडे तुमच्या खोलीत लावू?"

यूशेंगनं बॅग उचलली. विहीणबाई पुन्हा खुर्चीत बसल्या आणि पेरू मागितला. बोंगछीबाईंनी डोळे टिपायला पदर नव्हता म्हणून गळ्यातल्या टॉवेलनं घाम पुसल्यासारखं केलं. मग निवलेला चहा ओतून टाकला, नवा गरम चहा केला, आणि बूट घालायला निघालेल्या इंजिनिअरच्या हातात पेला देऊन त्याला उंबऱ्यावरच अडवलं.

"ऐक. घर तू उभं केलंस, ते मी मानते. पण तुझी ती जीभ आधी पाड आणि नव्यानं बांधून घे. तोवर जेवायला इथे येत जा, तिला टेकू मी लावते."